शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम : उपाय यंत्रात की शुश्रूषेत?

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही ज्येष्ठ रुग्णांचे स्थळ-काळाचे भान हरपते, लक्ष टिकत नाही, काहींना भासही होतात. या अवस्थेस ‘डेलिरियम’ म्हणतात. ती बहुधा तात्पुरती असली तरी तिच्यामुळे रुग्णालयातील मुक्काम लांबतो व परावलंबित्व वाढते. उपचारखर्चाचा भार अर्थातच कुटुंबावर पडतो.

भूल प्रमाणाबाहेर खोल गेल्याने हे घडते, असा एक तर्क होता. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १,२३२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१९) मेंदूतील विद्युतलहरींच्या आधारे भुलेची मात्रा ठरविण्यात आली. तरीही डेलिरियमचे प्रमाण २६ टक्के आढळले. नेहमीच्या पद्धतीत ते २३ टक्के होते. म्हणजे यंत्राचा लाभ सिद्ध झाला नाही.

याउलट, तैवानमध्ये पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ३७७ ज्येष्ठ रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) परिचारिकांनी दररोज तीनच गोष्टी केल्या : संवादातून स्थळ-काळाची जाणीव देणे, मुखस्वच्छता व आहारास साहाय्य आणि लवकर चालविणे. त्यामुळे हे प्रमाण १५.१ वरून ६.६ टक्क्यांवर आले.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील नागरिक सुमारे १०.४ कोटी होते. त्यांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. मर्यादित साधनसंपत्तीत महागड्या उपकरणांआधी पुरेशा, प्रशिक्षित परिचारिकांवर खर्च करणे अधिक फलदायी ठरेल, हाच या संशोधनाचा धोरणात्मक अर्थ होय.