एचजीटी किती?

सकाळी ७.३०
स्ट्रोक वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर बेडवार ओव्हर देते. नाव, वय, कोणती बाजू गेली, गिळता येतं का, लघवी किती झाली आणि एचजीटी किती. ग्लुकोमीटरवर बोटातून काढलेल्या साखरेला आमच्याकडे डॉक्टरांपासून मावशींपर्यंत सगळे एचजीटीच म्हणतात. दोन नंबरच्या आजींची पहाटेची १६८. त्यांचा मधुमेह जुना, डावी बाजू गेलेली, नाकात अन्नासाठी राइल्स ट्यूब. चार नंबरचे बाबा सिन्नरकडचे शेतकरी. परवा शेतातच कोसळले, उजवी बाजू आणि वाचा गेली. त्यांची रात्री २१२ होती, इन्सुलिननंतर १७४.

बाबांचा मुलगा दारातच गाठतो. “सिस्टर, बाबांना शुगर नव्हती हो कधी. इथे आल्यावर कशी लागली?”

हा प्रश्न इथे नेहमीचा. मेंदूला झटका बसला की शरीर घाबरतं. ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल वाढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. त्यामुळे मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते. खरं काय ते एचबीए१सी सांगतं, कारण त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. बाबांचं ५.५ आलंय, म्हणजे मधुमेह नाही. ही साखर बहुतेक झटक्याची आहे आणि ती उतरेल. पण ती झटक्याची म्हणून सोडून देता येत नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या भागाभोवती मेंदूचा काही भाग अर्धमेला असतो, अजून वाचू शकणारा. तिथे प्राणवायू कमी आणि साखर जास्त झाली की लॅक्टिक ॲसिड तयार होतं आणि वाचणारा भागही हातचा जातो. दाखल होताना साखर चढलेली असलेले पेशंट सावरायला जड जातात, हे जगभर दिसलंय.

८.१५
पहिला राउंड माझा, मीटर घेऊन. पाच नंबरच्या काकांची ३०४ येते. काल दिवसभर दीडशेच्या आसपास होती. डॉक्टरांना फोन लावण्याआधी मी त्यांचा हात बघते. बोटं चिकट. काकूंनी नुकतंच केळं भरवलंय आणि काकांनी ते चांगल्या हाताने स्वतः धरलं होतं. बोट साबण-पाण्याने धुते, कोरडं करते, बोटाच्या कडेला पुन्हा टोचते, पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा पट्टीवर घेते. १६२. आधीच्या आकड्यावर इन्सुलिन दिलं असतं तर तासाभरात काका घामाघूम झाले असते. नव्या मुलींना मी हे दाखवते : स्पिरिट लावलं तर ते वाळू द्यायचं, सलाईन लावलेल्या हाताचं बोट घ्यायचं नाही आणि आकडा विचित्र आला की आधी बोट धुऊन पुन्हा बघायचं.

९.००
तीन नंबरला काल रात्री आलेल्या बाई. तोंडाने काही देण्याआधी गिळण्याची तपासणी. ताठ बसवून चमचाभर पाणी, मग थोडं जास्त. ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का, ते ऐकायचं. त्या पास होतात.

ताप, साखर आणि गिळणं या तिन्हींचं वेळापत्रक प्रत्येक फाइलला लावलेलं असतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांपैकी काहींत सँडी मिडलटन यांच्या गटाने एवढ्या तीनच गोष्टी नर्सेसकडून काटेकोर करून घेतल्या. २०११ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले पेशंट नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्के होते, या युनिटांत ४२. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. वेळेवर थर्मामीटर, वेळेवर मीटर, वेळेवर चमचाभर पाणी.

९.४०
कॅज्युअल्टीतून स्ट्रोकचा कॉल. साठीच्या आसपासचे गृहस्थ, उजवा हात उचलत नाही, जीभ जड, बायको रडतेय. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे इथे सगळे पळतच असतात. पण त्या इंजेक्शनआधी एक तपासणी टाळता येत नाही, ती साखरेची. मीटर दाखवतं ४१.

२५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून जातं. सातव्या-आठव्या मिनिटाला गृहस्थ विचारतात, “मला इथे का आणलं?” उजवा हात वर येतो. साखर फार उतरली की मेंदू उपाशी राहतो आणि हुबेहूब अर्धांगवायूसारखं दिसू शकतं. सीटी स्कॅन तरीही होतो. स्वच्छ येतो.

बायको हळूहळू सांगते : आज एकादशी. सकाळी सहाला शुगरची गोळी घेतली, मग बिनसाखरेचा चहा, बाकी काही नाही. गोळी ग्लिमेपिराइड. पोटात काही असो नसो, ती आपलं काम करत राहते, आणि तिचा असर लांबतो. म्हणून “बरं वाटतंय, घरी जातो” म्हणणाऱ्या गृहस्थांना ठेवून घेतलं. साखर पुन्हा उतरू शकते.

१०.३०
मोठ्या डॉक्टरांचा राउंड. दोन नंबरच्या आजींची मुलगी वाचून आलेली. “१७० का ठेवताय? नॉर्मल तर १०० असते. इन्सुलिन वाढवा ना.”

डॉक्टर शांतपणे सांगतात. अमेरिकेत ‘शाइन’ नावाची चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये छापून आला. ११५१ पेशंट. अर्ध्यांची साखर इन्सुलिनच्या ड्रिपवर ८० ते १३० मध्ये धरली, उरलेल्यांची नेहमीच्या पद्धतीने १८० च्या आत. तीन महिन्यांनी चांगले सावरलेले पहिल्या गटात २०.५ टक्के, दुसऱ्यात २१.६. म्हणजे फायदा काही नाही. उलट साखर ४० च्या खाली घसरण्याचे प्रसंग पहिल्या गटात २.६ टक्के, दुसऱ्यात एकही नाही. म्हणून आम्ही १४० ते १८० मध्ये ठेवतो. चढलेली खाली आणायची, पण पार तळाला न्यायची नाही.

मुलीचं समाधान अर्धंच होतं. आकडा कमी म्हणजे चांगला, हे घराघरात पक्कं बसलंय.

१२.००
दुपारची एचजीटी. आजींची १९४. लिहून दिलेल्या तक्त्याप्रमाणे इन्सुलिन भरून घेते, तेवढ्यात एमआरआयवाल्यांचा फोन : पेशंट लगेच पाठवा. मी सिरिंज बाजूला ठेवते. आता फीड दिलं तर पोट भरलेलं असताना त्यांना तिथे सपाट झोपवतील. फीड न देता इन्सुलिन दिलं तर मशीनच्या बोगद्यात साखर उतरेल आणि कोणाला कळणारही नाही. रेसिडेंटला विचारते, ते म्हणतात थांबा. आजी परत येतात, डोकं वर करून बसवते, ट्यूब जागेवर असल्याची खात्री करते, पुन्हा टोचते, मग इन्सुलिन आणि फीड लागोपाठ.

साखर कोणाला न कळता उतरणं, माझी सगळ्यात मोठी धास्ती हीच आहे. चालता-बोलता माणूस “चक्कर येतेय, काहीतरी गोड द्या” म्हणतो. सिन्नरच्या बाबांना तर शब्दच सापडत नाहीत. त्यांची साखर उतरली तर कपाळावर घाम येईल, ते चादर ओढतील, ट्यूब उपसायला बघतील आणि घरचे म्हणतील, “आज फार त्रास देतायत.” स्ट्रोकचा पेशंट अचानक चिडचिडा किंवा सुस्त झाला की आधी बोट टोचायचं.

१.३०
फिजिओथेरपिस्ट येतात. बाबांना पलंगाच्या कडेला बसवायचं. त्या विचारतात, “जेवण झालं? एचजीटी किती?” १५६. चालेल. उजवा पाय जमिनीला टेकवून, गुडघ्याला आधार देऊन बसवतात. मान डावीकडे जाते, त्या सरळ करतात. मुलगा समोर उभा राहून “बाबा, माझ्याकडं बघा” म्हणतो. चार मिनिटं बसतात. आज एवढंच.

हा व्यायाम रोज, तोही वाढत वाढत व्हायला हवा. सावरण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. त्या काळात साखर कधी ३०० कधी ६० अशी हेलकावत राहिली तर माणूस गळून जातो, जंतुसंसर्ग होतो, व्यायाम बुडतो.

२.४५
सहा नंबरच्या मावशींना घरी सोडायचंय. मुलगा आणि सून खुर्च्या ओढून बसतात. मीटर सुनेच्या हातात देते, माझ्यासमोर एकदा करायला लावते. मग एकेक सांगते. सध्या रोजच्या वेळा वहीत लिहा, तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. साखर ७० च्या खाली आणि शुद्ध असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. गेलेल्या बाजूच्या पायाला चटका कळत नाही, गरम पाण्याची पिशवी नको. पाऊल रोज रात्री उजेडात बघा.

सून विचारते, “सिस्टर, आई चतुर्थी धरतात. सोडायच्या नाहीत म्हणतात.”

मी मावशींकडे बघून सांगते : उपास धरायचा की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. धरायचाच असेल तर त्या दिवशी गोळी किती, कधी, घ्यायची का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. नुसत्या चहावर गोळी घ्यायची नाही. सून ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिते आणि माझ्याकडून वॉर्डचा फोन नंबर खाली लिहून घेते.