ब्राउझरची उसनी नावं

भामरागडच्या एखाद्या पोराला शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवरून भरायचा असतो. साइट म्हणते, 'तुमचा ब्राउझर चालणार नाही.' मग शेजारचा कुणी जाणता सांगतो, "वरचे तीन ठिपके दाब अन् 'डेस्कटॉप साइट'वर टिक कर." पुष्कळदा तेवढ्यानं अर्ज मुकाट्यानं उघडतो. फोन तोच, रेंज तीच, ब्राउझरही तोच. पान जरा रुंद होतं, पण खरी बदलते ती एक ओळ.

साइटकडे काहीही मागताना ब्राउझर स्वतःची ओळख सांगणारी ही ओळ सोबत धाडतो. तिला 'यूजर एजंट' म्हणतात. अँड्रॉइडवरचा क्रोम एरवी तीत 'अँड्रॉइड' आणि 'मोबाइल' असं लिहितो. टिक केली की हे शब्द गळतात आणि फोन आपण लिनक्सवाला संगणक असल्याचं सांगतो. चक्क थाप!

ही खोड जुनी आहे. १९९४मध्ये आलेला नेटस्केप आपलं नाव 'मोझिला' सांगायचा. एकाच पानाचे चौकटीत तुकडे पाडून दाखवायची सोय त्यानं आणली, तेव्हा साइट्स 'मोझिला' हा शब्द बघूनच ती चांगली पानं देऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती पानं हवी होती, म्हणून त्यानंही सुरुवातीला 'मोझिला' लावलं. २००३मध्ये आलेल्या सफारीनं 'गेकोसारखा' अशी पुस्ती जोडली; गेको हे फायरफॉक्सच्या घराण्याचं इंजिन. २००८मध्ये क्रोम आला, त्यानं सफारीचंही नाव घेतलं. आजचा क्रोम मोझिला, गेको, सफारी अशी सगळ्यांची नावं सांगून मध्येच स्वतःचं घुसवतो. नेटस्केप कधीच संपला, त्याचं टोपणनाव मात्र अजून प्रत्येक फोनमधून फिरतंय.

आकड्यांनीही घोळ घातले. ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा काही साइट्स फक्त पहिला अंक वाचून तिला पहिली समजायच्या. शेवटी ऑपेरानं २००९मध्ये ९.८० असा आकडा सांगायला सुरुवात केली. २०२२मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीला पोचले, तेव्हा पुन्हा हीच धास्ती होती.

दोष प्रश्नाचा आहे, असं मला वाटतं. साइटनं 'तू कोण?' विचारण्याऐवजी 'तुला हे जमतं का?' एवढंच तपासावं. तशी तपासणी दोन-चार ओळींत होते, आणि चांगले प्रोग्रामर ती करतातही. नाव विचारणारी साइट ती लिहिली गेली त्या दिवशीचेच ब्राउझर ओळखते. नंतर आलेला नवा ब्राउझर तिच्या लेखी परका. अशा वेळी शहरातला माणूस दुसरा संगणक शोधतो. भामरागडच्या पोराला मात्र जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोलीच दीडशे किलोमीटरहून लांब आहे.

क्रोमनं आता ही ओळ मुद्दाम मोघम केली आहे: अँड्रॉइड फोन कुठलाही असो, मॉडेलच्या जागी नुसतं 'के' हे अक्षर येतं. फायरफॉक्समध्ये तर हट्टी साइट्सची यादीच भरून येते, आणि त्यांतल्या काहींसमोर तो आपण क्रोम असल्याचं बेधडक सांगतो.