दिसतो, पण हलत नाही

मॅटप्लॉटलिब हे पायथॉनमध्ये आलेख काढण्याचे मोफत साधन. जॉन हंटर यांनी ते २००३ साली लोकांसमोर आणले. त्यात आलेखाखाली स्लायडर बसवता येतो. तो सरकवला की एखादी संख्या बदलते आणि वक्ररेषाही लगेच बदलते. कधी कधी मात्र स्लायडर पडद्यावर व्यवस्थित दिसतो, पण माउसने कितीही ओढा, ढिम्म हलत नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, आणि खरा छळ तोच.

बहुतेक वेळा असा स्लायडर एखाद्या फंक्शनच्या आत तयार केलेला असतो. फंक्शन संपले की आतली नावे पुसली जातात, आणि ज्या वस्तूला कोणीच धरून ठेवलेले नाही ती पायथॉन मेमरीतून काढून टाकतो. माउसच्या हालचाली स्लायडरला कळवण्यासाठी मॅटप्लॉटलिबही त्याला धरते, पण मुद्दाम सैल. घट्ट धरले तर नको झालेल्या वस्तू मेमरीत साचत जातील. म्हणून स्लायडर जातो, त्याचे चित्र तेवढे उरते.

स्लायडर धरून ठेवा, अशी सूचना अधिकृत माहितीत आहे, पण ती आधी वाचतो कोण! निदान एखादा इशारा तरी यायला हवा होता. तुमचा स्लायडर असा अडला, तर फंक्शनमधून तो परत पाठवा आणि बाहेर एखाद्या नावात साठवून ठेवा.