लिलाव, पण घरच्या घरी

गोव्यात घरातलं वडीलधारं माणूस गेलं की दिवसकार्य आटोपल्यावर एक प्रश्न हमखास निघतो : इन्व्हेंटरी कधी घालायची? मृताचा जमीनजुमला, घर, सोनंनाणं, देणीघेणी असं सगळं कोर्टापुढं मांडायचं, वारस कोण ते ठरवायचं आणि ज्याचा त्याला वाटा द्यायचा, अशी ही कारवाई. मी गोव्यात कुणाकडं उतरलो की किनाऱ्यावर जायचं सोडून या कारवाईच्या हकिकती ऐकत बसतो. बायको म्हणते, लोक गोव्याहून काजू आणतात, तुम्ही लोकांची भांडणं आणता.

इतिहास थोडक्यात उरकतो. पोर्तुगालनं 1867 साली आपली नागरी संहिता केली. 1869 च्या फर्मानानं ती वसाहतींना लागू झाली आणि 1 जुलै 1870 पासून गोव्यात अमलात आली. 1961 साली पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. गंमत म्हणजे पोर्तुगालनं स्वतः 1966 साली नवी संहिता केली आणि जुनी मोडीत काढली. गोव्यात मात्र तिचे बरेच भाग चालूच राहिले. पुढं वारसा आणि इन्व्हेंटरीचे नियम गोवा विधानसभेच्या 2012 च्या कायद्यात आले. तो लागू व्हायला 2016 चा डिसेंबर उजाडला. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, वारसाहक्काला सगळ्यांना हाच कायदा.

इथं एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. लुईश द कुन्य गोन्साल्विश. जन्म 1875 चा, पणजीचा. या गोमंतकीयानं पोर्तुगीज नागरी संहितेवर भाष्याचे असे जाडजूड खंड लिहिले, की खुद्द लिस्बनचे वकील त्यांचा आधार घेऊ लागले. राज्यकर्त्यांचा कायदा राज्यकर्त्यांनाच समजावून सांगणारा माणूस पणजीत जन्मला होता, आणि आज पणजीत किती जणांना त्याचं नाव ठाऊक आहे, हे विचारायच्या भानगडीत मी पडत नाही.

तर इन्व्हेंटरी. कुणीही वारस अर्ज करू शकतो. मग कोर्ट एकाला 'काबेसा द कझाल' नेमतं, म्हणजे मालमत्तेचा कारभारी. पहिला मान हयात नवऱ्याचा किंवा बायकोचा. या कारभाऱ्यानं शपथेवर सगळं सांगायचं : माणूस कधी गेला, कुठं गेला, लग्न कोणत्या पद्धतीचं होतं, मृत्युपत्र आहे का, हयातीत कुणाला काय देऊन टाकलं. मग मालमत्तेची यादी. तिला क्रमांक पडतात आणि पुढं सगळी भांडणं क्रमांकांनी चालतात. 'आयटम तीनवर माझा आक्षेप आहे' असं वाक्य ऐकलं की समजावं, आयटम तीन म्हणजे चुलत्यांच्या घरामागचं भाट, म्हणजे माडांची बाग. यादीतून काही लपवलं आणि ते उघडकीला आलं, तर लपवणाऱ्याचा त्या वस्तूवरचा हक्कच जातो. ही तरतूद मला फार आवडते.

एका जुन्या घरात पोर्तुगीज काळातली एक यादी पाहायला मिळाली. तांबूस झालेले कागद, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, पण अक्षर असं की कारकुनाला सलाम करावा. सुरुवात घरापासून, मग विहीर, माड, शेत. आणि तिसऱ्या पानावर शिसवी बाक, पितळी समया, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. घड्याळ बंद असल्याचीही नोंद होती, कारण त्यानं किंमत उतरते. घरमालकीणबाई म्हणाल्या, "ते घड्याळ धाकट्या काकांकडं गेलं, आणि त्यांनी ते चालू केलं म्हणून थोरले काका कायम नाराज."

वाट्यांचं गणितही वेगळं. साधारणपणे लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळं नवरा गेला तर अर्धी मालमत्ता बायकोची आधीपासूनचीच. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. मृत्युपत्रानं हवी तशी द्यायची मुभाही स्वतःच्या हिश्शाच्या अर्ध्यापुरतीच. बाकीचं अर्धं मुलांचं, बापाला आवडो न आवडो. मुलगा-मुलगी समान. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मानं हक्क दिला 1994 साली आणि देशानं 2005 साली, हे लक्षात घेतलं तर 1870 हा आकडा थोडा टोचतो. एकाला हयातीत जास्त दिलं असेल तर तेही हिशेबात परत धरलं जातं. थोरल्याच्या शिक्षणाला विकलेलं शेत वगैरे जुन्या गोष्टी तेव्हा निघतात, आणि आवाज चढतात.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. वाटणीत एकच घर आहे आणि मुलं तीन. घराचे तुकडे कसे करणार? चांदोरच्या प्रसिद्ध ब्रागांझा वाड्याचे दोन भाग आज दोन नातलग घराण्यांकडं आहेत, पण तो वाडाच मुळी रेल्वेच्या फलाटाएवढा लांब. साध्या घराला ते जमत नाही. अशा वेळी गोव्याच्या कोर्टात 'लिसितासांव' होतं. म्हणजे लिलाव, पण बोली लावायची ती हिस्सेदारांनीच. बाहेरच्या माणसाला त्यात बोलायचा अधिकार नाही. बिल्डर दाराबाहेर उभा असेल तर असू दे.

गोव्यातल्या सासष्टीतल्या एका स्नेह्यांच्या घरच्या अशा बोलीला मी हजर होतो. नावं सांगत नाही आणि आकडेही बदलले आहेत, पण हिशेबाची रीत तीच. आईवडील दोघंही गेलेले. थोरला भाऊ निवृत्त, त्याच घरात राहणारा. मधली बहीण मडगावात दिलेली. धाकटा लिस्बनला, त्याच्या वतीनं कुलमुखत्यार वकील. यादीत तीन आयटम : घर, भाट, शेत. प्रत्येकाची मूळ किंमत आधीच ठरलेली, कारण कुणालाही वाटलं तर बोलीआधी मूल्यांकन मागता येतं.

हातोडा नव्हता, आरडाओरडा नव्हता. न्यायाधीशबाई खुर्चीत, कारकून लिहायला बसलेला. 'आयटम एक, घर, बाल्कांव (म्हणजे दारापुढची ओसरी) आणि विहिरीसह.' चाळीस लाखांपासून सुरुवात. थोरले बेचाळीस म्हणाले. वकील पंचेचाळीस. थोरले दर खेपेला बायकोकडं बघायचे आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. टोक सुटलं की बोली वाढायची. साठपर्यंत हे पाच-पाच लाखांनी चाललं, पुढं लाखालाखानं. सत्तरला थोरले थांबले. वकील म्हणाले एकाहत्तर. तेव्हा थोरले कोर्टाकडं नाही, वकिलाच्या हातातल्या बंद मोबाइलकडं बघून, जणू भाऊच तिथं बसलाय अशा आवाजात म्हणाले, "तुका जाय जाल्यार घे." तुला हवं असेल तर घे. घर धाकट्याचं झालं. भाटही त्यानंच अडतीसला घेतलं. शेत अकराला बहिणीनं घेतलं. तिच्याविरुद्ध कुणी बोललंच नाही.

मला वाटलं, संपलं, पैसेवाल्यानं सगळं नेलं. पण या कायद्याची खरी हुशारी इथून पुढं. एकूण मालमत्ता एकशे वीस लाखांची ठरली, म्हणजे प्रत्येकाचा वाटा चाळीस. धाकट्यानं घेतली एकशे नऊची. वाट्याहून जास्त उचलणाऱ्याला इतर जण दोन गोष्टी म्हणू शकतात : एक, जादा भागाचे आम्हाला रोख पैसे दे, दोन, तू जादा घेतलेल्यांतलं काही तुझ्याच बोलीच्या किमतीला आम्हाला दे. मात्र आपल्या वाट्यात काय ठेवायचं हे तो निवडू शकतो. धाकट्यानं घर ठेवलं. थोरल्यानं भाट मागितलं, तेही धाकट्यानंच लावलेल्या अडतीसला. मिळालं. म्हणजे थोरल्याला भाट आणि वर दोन लाख रोख, बहिणीला शेत आणि एकोणतीस लाख रोख, आणि हे एकतीस लाख धाकट्यानं भरायचे. या भरपाईच्या रकमेला 'तोर्ना' म्हणतात.

यातली मेख बघा. दुसऱ्याला जेरीस आणायला कुणी सगळ्याच आयटमवर भाव चढवत सुटला, तर त्यातलं बरंचसं त्याच्या हातातून निसटतं आणि ठेवलेल्याचे पैसे मात्र स्वतःच वाढवलेल्या भावानं मोजावे लागतात. भाव पाडून ठेवला तर समोरचा एक लाख जास्त बोलून उचलतो. मूल्यांकनकार काय, दलाल काय, सगळ्यांपेक्षा त्या घराची किंमत तिथं वाढलेल्या तीन भावंडांनाच जास्त कळते, आणि कायदा ती त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. मला तरी वाटणीची याहून डोकेबाज रीत ठाऊक नाही.

तरीही थोरले त्या घरात राहत होते आणि घर गेलं धाकट्याकडं, हे खटकतंच. आईवडिलांचं आजारपण काढणारा गावात राहतो, त्याच्याकडं पैसा नसतो. परदेशात गेलेल्याकडं असतो. आखातात, लंडनला, स्विंडनला गेलेल्यांचा पैसा लिसितासांवात उतरला की गावातला भाऊ हरतो, ही तक्रार गोव्यात घरोघर ऐकू येते, आणि ती खोटी नाही. राहत्या घरात राहणाऱ्या वारसाला निदान भरपाई हप्त्यांनी द्यायची सवलत सहजी मिळावी असं माझं मत. वकील मंडळी यावर मान हलवतात, पण ती कोणत्या बाजूला ते कळत नाही. एक वाट मात्र आजही आहे : दोघातिघांना मिळून एक बोली लावता येते आणि मालमत्ता त्यांच्या सामाईक नावावर होते. थोरले आणि बहीण एकत्र आले असते तर हिशेब वेगळा झाला असता. बहिणीला हे मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "वहिनीबरोबर सामाईक? नको रे बाबा."

आपल्याकडचं आता दोन ओळींत सांगतो, कारण ते बहुतेकांना अनुभवानं पाठ आहे. वाटपाचा दावा, प्राथमिक हुकूमनामा, मग शेतजमीन असेल तर वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडं, घर असेल तर कोर्ट कमिशनर, मग अंतिम हुकूमनामा. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आडवा येतो. वाटप सोयीचं होतच नसेल तर 1893 च्या वाटप कायद्यानं कोर्ट विक्री करू शकतं. कुणी हिस्सेदारानं विक्री मागितली तर दुसरा मूल्यांकनाच्या भावानं त्याचा हिस्सा घेऊ शकतो. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी होणाऱ्या जाहीर लिलावात तर दवंडी अजूनही कायद्याच्या पुस्तकात आहे. घेणाऱ्यानं पंचवीस टक्के जागेवर आणि बाकीचे पंधरा दिवसांत भरायचे. त्यात कुणीही उभा राहू शकतो, आणि तिथंच गोव्याची वाट वेगळी होते.

मुंबईकरांनी मात्र एक गोष्ट नीट ऐकावी. गोव्याच्या एका गृहस्थांना तीन मुली. त्यांनी मुंबईतली मालमत्ता मृत्युपत्रानं एका मुलीला दिली, मुंबई हायकोर्टानं प्रोबेटही दिलं. पुढं नातवानं गोव्यात प्रश्न काढला, की मुंबईची मालमत्ता इन्व्हेंटरीत का नाही? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 13 सप्टेंबर 2019 ला निकाल लागला : माणूस गोव्याचा अधिवासी असेल तर भारतात कुठंही असलेल्या त्याच्या मालमत्तेला गोव्याचाच वारसा कायदा लागू. म्हणजे अंधेरीचा फ्लॅटसुद्धा म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या यादीत आयटम क्रमांक घेऊन बसणार.

इन्व्हेंटरी रखडतेही पुष्कळ. एका हिस्सेदारानं डोळे मिटले की त्याचे वारस आणायचे, आणि प्रत्येक वारसाची बायको किंवा नवराही पक्षकार, कारण मालमत्ता सामाईक. आजोबांची आणि वडिलांची इन्व्हेंटरी एकत्र चालवता येते, पण तेव्हा पक्षकारांची यादी लग्नाच्या आमंत्रणांइतकी होते. कुणाचा पत्ता कराचीचा, कुणाचा नैरोबीचा. जिथं मालमत्तेचे वारस असे पांगले, तिथं बनावट जुने दस्त घुसवून जमिनी लाटण्याचे प्रकार घडले. त्यासाठी गोवा सरकारला 2022 साली खास तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही.

जाता जाता महाराष्ट्रातून गोव्यात दिलेल्या, किंवा तिकडून इकडं आलेल्या लेकींसाठी. आपल्याकडं बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून मोकळी होते, तलाठी फेरफार घालतो. गोव्यात वारसा सोडायचा तर तो बिनशर्त आणि संपूर्ण सोडावा लागतो; 'दादाला देते, अण्णाला नाही' हे चालत नाही, सोडलेला वाटा कायद्यानं ज्यांना जायचा त्यांनाच जातो. एकाच भावाला द्यायचं असेल तर आपल्या हिश्शाचं बक्षीसपत्र किंवा खरेदीखत करायचं, आणि त्यावर जावईबापूंचीही सही लागते.