परदेशातले फ्लाइंग स्कूल: माहितीपत्रकाबाहेरचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की पुण्या-नाशिकच्या हॉटेलांमध्ये 'पायलट व्हा' सेमिनारांचा हंगाम सुरू होतो. पालक तीन प्रश्न विचारतात: फी किती, किती महिन्यांत होईल, नोकरी लागेल का? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे एजंटला तोंडपाठ असतात. मुलाला आठवड्यातून किती वेळा उडायला मिळेल आणि त्यातले किती तास भारतात धरले जातील, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते शाळा निवडायची ती याच दोन प्रश्नांवर. बाकीचे बरेचसे ऐकीव असते. ते कसे, ते पाहू.

'आमची शाळा डीजीसीए-मान्य आहे'

परदेशी शाळेच्या बाबतीत या वाक्याला फारसा अर्थ नाही. डीजीसीए, म्हणजे भारताची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था, मान्यता देते ती भारतातल्या प्रशिक्षण संस्थांना. अमेरिकेतली शाळा एफएएच्या, कॅनडातली ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या आणि न्यूझीलंडमधली तिथल्या सीएएच्या मान्यतेवर चालते. परवाना आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सदस्य देशाचा आहे ना, शाळा तिथल्या नियामकाकडे नोंदलेली आहे ना आणि लॉगबुकातले तास भारतीय नियमांत बसतात ना, हे डीजीसीए तपासते. फलकावर अशोकस्तंभ छापणाऱ्या एजंटाकडे त्या देशाच्या नियामकाने दिलेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा. तो क्रमांक संबंधित संकेतस्थळावर आपण स्वतः पडताळून पाहू शकतो.

'तिकडचे लायसन्स मिळाले की इकडे फक्त शिक्का मारायचा'

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

भारतीय सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, एकूण २०० तास लागतात. त्यांपैकी १०० तास पायलट-इन-कमांड (पीआयसी) म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेऊन उडालेले हवेत. त्यातच २० तास क्रॉस-कंट्री आणि किमान ३०० सागरी मैलांचे एक उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. शिवाय १० तास उपकरणांच्या आधारे, त्यांपैकी सिम्युलेटरवर फार तर ५, आणि रात्रीचे ५ तास.

आता अमेरिकेकडे पाहा. तिथे नियमांच्या दोन वाटा आहेत. 'पार्ट ६१'ने गेल्यास व्यावसायिक परवान्याला २५० तास लागतात. 'पार्ट १४१'च्या आखीव अभ्यासक्रमात खाजगी परवान्याचे ३५, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे ३५ आणि कमर्शियलचे १२० धरून किमान १९० तासांत काम होते. एजंट सांगतो, 'कमी तास, कमी खर्च.' परवाना खरोखरच मिळतो, पण तो घेऊन मुलगा मुंबईला उतरतो तेव्हा भारतीय नियमाला दहा तास कमी पडतात. पीआयसीच्या रकान्यात तर अनेकदा त्याहून मोठे भगदाड असते.

या भगदाडाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एफएएच्या नियमांनुसार खाजगी परवाना हाती आलेला विद्यार्थी विमान स्वतः हाकत असेल, तर शेजारी इन्स्ट्रक्टर शिकवत बसलेला असूनही तो वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतो. भारतीय पद्धतीत इन्स्ट्रक्टरसोबतचा शिकण्याचा वेळ 'ड्युअल'मध्येच जातो. म्हणजे तिकडच्या लॉगबुकात पीआयसीखाली दिसणारे १३० तास इकडच्या चाळणीतून ८०ही उरत नाहीत, असे सहज होऊ शकते. विद्यार्थ्याने काहीच खोटे केलेले नसते. दोन देशांचे रकाने वेगळे, एवढेच. म्हणून करार करण्यापूर्वी शाळेकडून लेखी घ्यावे, की अभ्यासक्रम संपताना खऱ्या सोलोचे आणि पीआयसीचे तास भारतीय व्याख्येनुसार किती भरतील. उत्तर ईमेलवर येत नसेल, तर तेच उत्तर समजावे.

नुसत्या सीपीएलवर एअरलाइनचे दारही उघडत नाही. मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतेच, आणि त्यांचे तास वेगळे मोजले जातात.

आणखी एक काटा वेळेचा. त्या १०० पीआयसी तासांपैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. परदेशी परवान्याच्या कन्व्हर्जनला एअर रेग्युलेशन्सची आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीची परीक्षा द्यावी लागते, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. सोबत रेडिओची आरटीआर. 'परत आल्यावर निवांत बघू' म्हणणारा परीक्षांच्या तारखांत अडकतो, सहा महिने उलटतात, आणि शिळे झालेले तास ताजे करायला इथे पुन्हा विमान भाड्याने घ्यावे लागते. शहाणी मुले आधी क्लास वन मेडिकल करून घेतात, इथेच डीजीसीएचे पेपर सोडवतात आणि मगच व्हिसाच्या मागे लागतात. मेडिकल आधी यासाठी, की चष्म्यामुळे सहसा काही अडत नाही, पण रंगांधळेपण किंवा हृदयाच्या आलेखातली एखादी शंका पैसे भरून झाल्यावर कळावी, यासारखे दुःख नाही.

'तासाचा दर कमी, म्हणजे शाळा स्वस्त'

समजा, एक शाळा तासाला वीस डॉलरने स्वस्त आहे. दोनशे तासांत चार हजार डॉलर वाचले. त्या शाळेत चार महिने जास्त रखडावे लागले, तर घरभाडे आणि जेवणखाण यांत ते वाचलेले कधीच विरघळून जातात. व्हिसा वाढवायची वेळ आली तर ती धावपळ वेगळी.

दराचे पोटभाग उकलून घ्यावेत. त्यात इंधन धरले आहे का? इन्स्ट्रक्टरचे पैसे वेगळे का? उड्डाणाआधी जमिनीवर समजावून सांगण्याचाही तास लागतो का? मोजणी हॉब्स मीटरवर की टॅकवर? हॉब्स घड्याळासारखा चालतो, तर टॅक इंजिनाच्या फेऱ्यांवर. इंजिन मंद असताना टॅकचा आकडा सावकाश सरकतो, त्यामुळे त्याच उड्डाणाचे बिल कमी येते. हॉब्सवर मोजणी असेल तर विमानतळ किती गजबजलेला, यालाही महत्त्व येते. फिनिक्सचे डियर व्हॅली हे लहान विमानांचे अमेरिकेतले एक अतिशय वर्दळीचे ठिकाण. अशा जागी धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभे असतानाही मीटर पळत असतो. हे तोट्याचेच असे नाही. गजबजलेल्या टॉवरशी बोलायची सवय पुढे मुंबईच्या आकाशात उपयोगी पडते. पण ती फुकट नाही, हे माहीत असावे.

चेकराईड, म्हणजे परीक्षेचे उड्डाण. अमेरिकेत ते घेणारा एक्झामिनर स्वतःची फी वेगळी घेतो, आणि त्याची तारीख मिळायला काही भागांत आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. तोवर हात बसलेला राहावा म्हणून विद्यार्थी स्वतःच्या पैशाने उडत राहतो. हा खर्च पॅकेजमध्ये दिसत नाही.

'त्यांच्याकडे चाळीस विमाने आहेत'

असतील. आज त्यांतली उडतात किती? भाड्याने इन्स्ट्रक्टरसकट दिल्या जाणाऱ्या विमानाची अमेरिकेत दर १०० तासांनी तपासणी करावी लागते. दिवसाला पाच तास उडणारी सेसना १७२ वीस दिवसांत हँगरमध्ये जाते. शाळेचे स्वतःचे मेकॅनिक आणि सुटे भाग असतील तर ती लगेच बाहेर येते, नाहीतर रांगेत उभी राहते. त्यामुळे विमानांच्या संख्येला विद्यार्थ्यांच्या संख्येने भागावे, आणि त्याआधी दुरुस्तीत अडकलेली वजा करावीत.

इन्स्ट्रक्टरची गोष्ट याहून नाजूक. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले. त्यानंतर अमेरिकेत एअरलाइनच्या वैमानिकाला साधारणपणे १,५०० तासांची अट आली, २०१३ पासून. हे तास भरण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे शिकवणे. म्हणजे तुमच्या मुलाला शिकवणारा तरुण बहुधा स्वतःच एअरलाइनच्या वाटेवर असतो. भरती जोरात असली की तो मध्येच निघून जातो, आणि नवा इन्स्ट्रक्टर आधीचे तपासून पाहण्यात चार उड्डाणे घालवतो. दोष कोणाचाच नाही, पैसे मात्र आपले जातात. एका विद्यार्थ्याचे सरासरी किती इन्स्ट्रक्टर बदलतात, हा प्रश्न आठ-दहा महिने तिथे असलेल्या मुलांना विचारावा. शाळेने पुढे केलेल्या मुलांना नको, आपल्याला शोधून सापडलेल्यांना.

'वर्षभर ऊन असेल तिथेच जावे'

अर्धे खरे. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी ढग गडगडू लागले की त्या दिवसाचे उडणे संपते, तिथे पहाटेचा स्लॉट मिळणारी शाळा चांगली. व्हँकुव्हरला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. ॲरिझोनात ऊन भरपूर, पण तापलेल्या हवेत विमान आळसावते. वेळापत्रकासाठी कोरडी हवा बरी, यात वाद नाही. पण एकही खरा ढग न पाहता केवळ डोळ्यांवर झापड लावून इन्स्ट्रुमेंट रेटिंग घेतलेल्या मुलाला पुढे जुलैत मुंबईत उतरायचे आहे, हेही लक्षात असू द्यावे. थोडी ओढाताण झालेला वैमानिक मला जास्त आवडतो.

'एकरकमी भरा, दहा टक्के सूट'

भरू नका. आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचे पायलट ट्रेनिंग कॉलेज २०१२ मध्ये बंद पडले, तेव्हा त्यांची बरीच मुले फ्लोरिडात शिकत होती आणि तिथेच अडकली. अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स फेब्रुवारी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कर्जे ठेवून. स्कॉटलंडमधली अनेक दशके जुनी टेसाइड एव्हिएशन एप्रिल २०२३ मध्ये कोसळली. जुनी, नावाजलेली, सरकारी कंत्राटे असलेली, यांतले काहीच हमी ठरले नाही. पैसे टप्प्याटप्प्याने भरावेत आणि शाळेच्या खात्यात दोन-तीन हप्त्यांहून जास्त शिल्लक ठेवू नये. मध्येच सोडल्यास किती दिवसांत काय परत मिळेल, हे कलम वकिलाकडून वाचून घ्यावे. सूट हवीच असेल, तर ती शेवटच्या हप्त्यात मागावी.

'तिकडे शिकलो की तिकडेच नोकरी', 'आम्ही प्लेसमेंट देतो'

अमेरिकेचा एम-१ व्हिसा प्रशिक्षणापुरता असतो, त्यावर एअरलाइनची नोकरी करता येत नाही. भारतात नोकरी देते ती एअरलाइन. तिचा ठरावीक शाळांशी कॅडेट करार असेल, तर त्या शाळांची नावे एअरलाइन स्वतः जाहीर करते. एजंटने सांगण्याआधी तिथे पाहावे. बाकीच्यांना खुली भरती, लेखी परीक्षा आणि सिम्युलेटर चाचणी. बारामती, गोंदिया, धुळे-शिरपूरकडे शिकलेलेही त्याच रांगेत असतात. त्यापुढे ए३२० किंवा ७३७चे टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता, अनेकदा स्वतःच्या खिशातून करावे लागते आणि त्याला आणखी काही लाख लागतात. ते बाजूला काढून जे उरेल, तेवढेच शाळेसाठी धरावे.