आकाशचित्रांवरून लोकांनीं केलेला नकाशा

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां गांवनकाशे व टिपणें यांतच आमचीं बरींच वर्षें गेलीं. ३३ फुटी सांखळी शेतोशेतीं ओढून ते नकाशे सिद्ध झाले होते; ३३ फूट लांब व तितकाच रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे.

इ. स. २००४ सालीं इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट नामक गृहस्थांनीं ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा निराळाच नकाशा आरंभिला. ज्यास जो रस्ता, ओढा किंवा विहीर ठाऊक असेल त्यानें ती संगणकावर नोंदावी व कोणासही ती विनामूल्य वापरतां यावी, अशी त्याची रीत आहे. विमानांतून व उपग्रहांतून घेतलेलीं चित्रें समोर ठेवून घरबसल्या रेघा ओढतां येतात, हें त्यांतील मोठें साधन होय.

परंतु चित्र डोळ्यांस दिसतें एवढ्यानें तें गिरविण्याचा हक्क प्राप्त होत नाहीं. शेजाऱ्याच्या विहिरींत पाणी दिसलें म्हणून कोणी आपली मोट जोडीत नाहीं! याहू कंपनीनें २००६ सालीं, व मायक्रोसॉफ्टनें २०१० च्या अखेरीस, आपल्या चित्रांवरून या नकाशासाठीं रेखाटन करण्यास परवानगी दिली. गूगलचीं चित्रें पाहण्यास कोणाची हरकत नाहीं. मात्र या नकाशासाठीं तीं गिरवितां येत नाहींत. विनापरवाना गिरविलेला भाग उघडकीस आल्यास काढून टाकावा लागतो, आणि त्यावर इतरांनीं केलेली मेहनतही वायां जाते.

परवानगीचें फळ हैतींत दिसलें. १२ जानेवारी २०१० रोजीं तेथें भूकंप झाला, तेव्हां चित्रांच्या मालकांनीं तीं खुलीं केलीं. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं थोड्याच दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्सच्या गल्ल्या रेखाटल्या, व मदतीस गेलेल्या पथकांनीं तोच नकाशा हातीं घेतला.

तथापि चित्रावर आंधळा विश्वास नसावा. तें कांहीं मीटर सरकलेलें असूं शकतें, डोंगराळ मुलखांत तर अधिकच. म्हणून रस्त्यानें प्रत्यक्ष फिरून उपग्रहयंत्रानें घेतलेल्या मागाशीं तें जुळवून घ्यावें. चित्र जुनें असेल तर पुरानें मोडलेला साकव त्यांत अजून उभाच दिसेल. झाडांखालची पाणंद दिसत नाहीं, आणि ओढ्याचें नांव तर आकाशांतून कोणासच वाचतां यावयाचें नाहीं. तेथें गांवकरीच पाहिजे.

आणखी एक. चित्रांत बांध दिसतो, हद्द दिसत नाहीं. बांधाचा तंटा उपस्थित झाल्यास या नकाशाचा कागद घेऊन कोणीं तहसीलदाराकडे धांवूं नये; त्यास भूमि अभिलेख खात्याची मोजणीच लागते. पाणंद, पाणवठा, शाळा व दवाखाना यांच्या नोंदी मात्र ज्यानें त्यानें आपापल्या गांवापुरत्या खुशाल कराव्या.