तडा गेल्यावरही काँक्रीट किती तग धरतं? बोगद्यातल्या छताची परीक्षा

ठाकुर्लीहून डोंबिवलीमार्गे शिळफाट्याकडे जाणाऱ्यांना बुलेट ट्रेनचं काम आता नवीन नाही. शिळफाटा ते घणसोली हा ४.८८ किलोमीटरचा बोगदा २० सप्टेंबर २०२५ रोजी आरपार झाला. तो सुरुंग लावून खोदला. अशा कामात दगड उघडा पडला की त्यावर लगेच काँक्रीटचा फवारा मारतात, त्याला शॉटक्रीट म्हणतात. पक्कं अस्तर नंतर बसतं. तोवर मजुराच्या डोक्यावर हाच थर आणि दगडात ठोकलेले बोल्ट. २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर १७ दिवस अडकले होते. शेवटी वकील हसन, मुन्ना कुरेशी आणि त्यांच्या साथीदारांनी हातांनी वाट काढली, हे आपण विसरलेलो नाही.

साधं काँक्रीट दाब सोसतं, पण वाकवलं की एकदम तुटतं. म्हणून अनेक ठिकाणी फवाऱ्यात बारीक पोलादी तंतू मिसळतात. तडा गेला तरी तंतू दोन्ही बाजू धरून ठेवतात, छत कुरकुरतं आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

हा चिवटपणा क्यूब टेस्टमध्ये कळत नाही. त्यासाठी लादी फवारून मधोमध दाबतात. युरोपियन पद्धतीत ६०० मिलिमीटरची चौकोनी, १०० मिलिमीटर जाडीची लादी चारही कडांवर टेकवतात. ती २५ मिलिमीटर वाकेपर्यंत किती ऊर्जा गिळते ते मोजतात: ५००, ७०० किंवा १००० ज्यूल अशा पायऱ्या आहेत. १००० ज्यूल म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या साधारण मीटरभर उचलण्याइतकी मेहनत. दुसऱ्या, एएसटीएम सी १५५० पद्धतीत ८०० मिलिमीटर व्यासाची गोल लादी तीन टेकूंवर ठेवून ४० मिलिमीटरपर्यंत वाकवतात. टेकू तीनच का? तीन पायांचं स्टूल कुठल्याही फरशीवर डगमगत नाही, तसंच. त्यामुळे आकडे कमी हेलकावतात.

खरी गोम फवाऱ्यात आहे. नोझल चुकीच्या कोनात धरलं की माल उडून खाली पडतो आणि त्याबरोबर तंतूही जातात. म्हणून लादी लॅबमध्ये ओतून चालत नाही. साइटवर, त्याच मिश्रणाची, रोज फवारा मारणाऱ्या त्याच कारागिराने ती फवारायला हवी. खास हुशार माणूस बोलावून केलेल्या लादीचा आकडा छताला लागू पडत नाही, असं आम्हाला वाटतं.

साइटवर काम करणाऱ्या आमच्या वाचकांनी तुटलेली लादी एकदा जवळून बघावी. तंतू उपसून बाहेर आलेले दिसले तर त्यांनी झुंज दिली. कटकन तुटलेले दिसले तर मिश्रणाबद्दल इंजिनिअरला विचारा.